हयातीचा दाखला काढायचाय? आमच्या हायस्कूलच्या पोरांकडे जा (५ पैकी साडेचार)

गुहागर बाजूला ज्यांच्या घरात पेन्शनवालं माणूस आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. नोव्हेंबरात आमच्या हायस्कूल-ज्युनियर कॉलेजची अकरावी-बारावीची एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं रविवारी सकाळी शाळेत बसून मोबाईलवर हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायचा जिवंत असल्याचा पुरावा, काढून देतात. पैसे घेत नाहीत, चहा पण घेत नाहीत, मी विचारलं तर "काकू, सरांनी सांगितलंय काही घ्यायचं नाही" म्हणाली.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, मुंबईत गिरणीत होते. ८२ च्या संपात गावी आले, नंतर परत गेले, गिरणी बंद पडल्यावर कायमचे इकडे. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन आहे, हजाराच्या थोडी वर. कुणाला ती रक्कम काहीच वाटणार नाही पण त्यांच्या बीपीच्या गोळ्या त्यातूनच येतात आणि स्वतःच्या पैशाने गोळ्या आणतो हे त्यांना फार महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षी एका सायबरवाल्याकडे दाखला काढला, त्याने शंभर रुपये घेतले आणि बँकच चुकीची टाकली. दाखला रिजेक्ट झालेला आम्हाला कळलाच नाही, जानेवारीत पेन्शन थांबली तेव्हा कळलं. नंतर मागचे पैसे जमा झाले, पण तोपर्यंत अण्णा रोज सकाळी पासबुक काढून बघत बसायचे.

म्हणून या वेळी मुलांकडे गेले. शेजारच्या आजीपण बरोबर होत्या, त्यांचे यजमान पोस्टात होते, त्यांना फॅमिली पेन्शन आहे. आजींचं दरवर्षीचं दुखणं म्हणजे बोटांचे ठसे. जन्मभर भात लावणी, काजू सोलणं, जांभा उचलणं, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत, मशीनवर अंगठा किती वेळा दाबला तरी लाल दिवाच. आता चेहऱ्यावरून होतं, २०२१ पासून ती सोय आहे, पण ती करून देणारं माणूस पाहिजे ना! साध्या अँड्रॉइड फोनवर जीवन प्रमाण (दाखल्याचं सरकारी ॲप) आणि आधार फेस आरडी (चेहरा ओळखणारं) अशी दोन ॲप लागतात, आधी फोनवाल्याचा स्वतःचा चेहरा दाखवायचा, मग पेन्शनरचा.

आजींच्या समोर जी मुलगी बसली होती तिचं काम मी अगदी बाजूला उभी राहून बघितलं. आधी तिने आजींना खिडकीकडे तोंड करून बसवलं, मागे पांढरी भिंत येईल असं. पदर डोक्यावरून खाली घ्यायला लावला, चष्मा काढायला लावला. मग म्हणाली, "आजी, मी सांगितलं की डोळे मिटायचे आणि उघडायचे, हळू नाही, पटकन." आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पापणी नीट मिटेना, ॲप परत परत मागे जाई. ती मुलगी एकदाही वैतागली नाही. शेवटी तिने स्वतः समोर डोळे मिटून दाखवले आणि "माझ्याबरोबर करा" म्हणाली आणि तेव्हा स्क्रीनवरचा गोल हिरवा झाला. "झालं गो बाय?" आजी विचारतात. झालं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पुन्हा लग्न केलंय का. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने ऐंशी पार केलेल्या बाईला हे कसं विचारावं? तिने फोन आजींकडे वळवला आणि म्हणाली, "आजी, हा प्रश्न सरकार सगळ्यांना विचारतं, मी 'नाही' लिहू ना?" आजी हसल्या, म्हणाल्या लिही. कुणी शिकवलं असेल की आपलं आपणच सुचलं असेल, मला माहीत नाही, पण मला ती मुलगी फार आवडली.

त्यांच्याकडूनच कळलं की केंद्र सरकारच्या पेन्शनरचं वय ऐंशीच्या वर असेल तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत यायची गरज नाही. आणि अण्णांच्या ईपीएसला तर नोव्हेंबरचं बंधनच नाही, वर्षात कधीपण द्या, दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो. हे आम्हाला आजवर कुठल्याच काउंटरवर कुणी सांगितलं नव्हतं.

ओटीपीचा त्यांचा नियम चांगला आहे. पेन्शनरचा फोन त्याच्याच हातात राहतो, मुलं तो घेत नाहीत, ओटीपी मोठ्याने वाचू देत नाहीत, कागदावर लिहून दाखवायचा आणि तो कागद तिथेच फाडायचा. सर कोपऱ्यात बसलेले असतात पण मध्ये पडत नाहीत, मुलं अडली तरच उठतात. हे मला सगळ्यात पटलं. नाहीतर आपल्याकडे मुलांना समाजसेवा म्हणजे झाडू देऊन फोटो काढायचा आणि घरी पाठवायचं. एनएसएस १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला सुरू झाली, वर्षाला १२० तास काम करायचं असतं, ते तास असे खऱ्या जबाबदारीत गेले तर पोरं कुठल्या कुठे जातील. अण्णांचं ज्याने केलं त्या मुलाने चार दिवसांनी फोन करून सांगितलं की दाखला मंजूर दिसतोय. त्याचं काम तसं आधीच संपलं होतं, तरी त्याने केला.

आता अर्धा स्टार का कापला ते. एक तर सगळं पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. तिथे रेंज चांगली येते हे खरं आहे, पण गुडघे गेलेल्या माणसांना जिना चढवायचा म्हणजे काय, दोन मुलं हात धरून वर नेत होती, तेवढ्यापेक्षा खाली व्हरांड्यात शाळेचं वायफाय आणा. दुसरं, सकाळी पाहुणे आले, बॅनर लागला, भाषण झालं, त्यात अर्धा पाऊण तास गेला आणि म्हातारी माणसं उपाशीपोटी बसून. मुलांचा यात काही दोष नाही, मोठ्यांनी हे टाळायला हवं. आणि तिसरं महत्त्वाचं, आधारच्या झेरॉक्स एका बेंचवर उघड्या पडल्या होत्या. मी सांगितल्यावर लगेच ज्याच्या त्याला परत दिल्या, पण मुळात झेरॉक्स घ्यायचीच गरज नाही, नंबर टाकून झाला की विषय संपला.

जे अंथरुणावर आहेत त्यांच्याकडे मुलं घरी जातात, बरोबर मॅडम असतात. वरच्या वाडीतल्या एका काकांकडे दोन मुली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून गेल्या, घरात रेंज नाही म्हणून काकांना खुर्चीसकट अंगणात आणलं, फणसाखाली रेंजची एक काडी मिळाली तिथे दाखला झाला. पोस्टमनपण घरी येऊन करून देतात, त्याचे ७० रुपये पडतात, तोही पर्याय चांगला आहे, आमच्याकडे फक्त त्यांचा नंबर लवकर लागत नाही.

जाताना आधार, पेन्शनचं पीपीओ (पेन्शन मंजुरीचं) पुस्तक, बँकेचं पासबुक आणि ज्या नंबरवर ओटीपी घ्यायचा तो चार्ज केलेला फोन न्या. मुलगा मुंबईला आणि दिलेला नंबर त्याचा असेल तर त्याला त्या वेळी फोनवर थांबायला सांगा, ओटीपी त्याच्याकडे जाईल. संजय गांधी, श्रावणबाळ योजनेवाल्यांनी इथे जाऊ नका, त्यांचं काम तहसीलला होतं. आणि साडेनऊच्या आत पोचा, बाराला मुलं उठतात, त्यांचीपण परीक्षा जवळ आलेली असते.