‘ड्रॉप-इन’ योगवर्गाच्या नावाखाली दरमहा वसुली

उपचारांसाठी, कामासाठी किंवा परीक्षेसाठी थोडे दिवस मुंबईत येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सभासद न होता, जितके वर्ग करायचे तितक्याचेच पैसे भरायचे, अशी ‘ड्रॉप-इन’ची सोय आता अनेक योगस्टुडिओंत असते. सोय चांगली आहे आणि सरळ व्यवहार करणारे पुष्कळ आहेत. मला भेटलेले तसे नव्हते. त्यांची सगळी रचना परगावच्या माणसाला हेरून केलेली होती.

मी साताऱ्याची. आईचे उपचार परळला चालू होते आणि मी दादरला मामेबहिणीकडे उतरले होते. दिवसभर रुग्णालयातल्या बाकावर बसून कंबर धरायची, रात्री झोप लागायची नाही. घरी रोज आसनं करायची सवय आहे, पण बहिणीच्या दोन खोल्यांत सकाळच्या धावपळीत चटई पसरायला जागा कुठून येणार? जवळच्याच एका स्टुडिओच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एका वर्गाचे 350 रुपये, कधीही या. बहिणीलाही यायचं असेल म्हणून मी त्या पाटीचा फोटो काढून तिला पाठवला. पुढे तो फार उपयोगी पडला.

पहिल्या दिवशी 350च घेतले. शिकवणाऱ्या ताई खरोखर चांगल्या होत्या. कंबरेचं सांगितल्यावर त्यांनी मला पुढे वाकायची आसनं करू दिली नाहीत, मकरासन आणि हलकं भुजंगासन करून घेतलं. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खेळ सगळा बाहेरच्या काउंटरवर चालतो.

पुढच्या खेपेला काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही बाहेरगावच्या ना? रोजचं तुम्हाला महाग पडेल. दहा वर्गांचा पास घ्या, 2,800 फक्त. उरलेल्या वर्गांचे पैसे परत मिळतात.” मग टॅबवर एक फॉर्म भरायला दिला. रक्तदाब आहे का, पाठीचं ऑपरेशन झालंय का, असे प्रश्न आणि खाली बोटाने सही. आरोग्याच्या माहितीसाठी म्हणून घेतलेली ती सही पासच्या अटींनाही लागू होती, हे मला नंतर कळलं.

पैशांसाठी क्यूआर कोड स्कॅन केला, तर माझ्या मोबाइलवर ‘ऑटोपे’ असा शब्द आला. खाली ‘दरमहा’ आणि ‘कमाल 4,500’. मी लगेच विचारलं, हे काय आहे? “ते सिस्टीममध्ये येतंच मॅडम. आज 2,800च कटतील, पुढे काही नाही.” हे धडधडीत खोटं होतं. साधं पेमेंट आणि ऑटोपे यांत मूलभूत फरक आहे. ऑटोपेला एकदा पिन दिला की ठरलेल्या मुदतीने खात्यातून पैसे आपोआप जातात आणि साधारण 15,000 रुपयांपर्यंतच्या वसुलीला पुन्हा पिन विचारत नाहीत. काउंटरवर हा शब्द दिसला तर तिथेच ‘नको’ म्हणा आणि नुसत्या रकमेचा कोड मागा. तो देत नसतील तर निघून या.

पास घेतला आणि सकाळचे वर्ग त्यांच्या अ‍ॅपवर ‘फुल’ दिसायला लागले. मोकळी असायची ती दुपारची वेळ, आणि नेमकी तेव्हाच आईजवळ मी लागायचे. एकदा सकाळी तशीच जाऊन काचेच्या दारातून पाहिलं तर अर्धा हॉल रिकामा. विचारलं तर उत्तर आलं, पासवाल्यांचा कोटा वेगळा असतो. पासची मुदत पंधरा दिवसांची, हेही तेव्हाच सांगितलं. उरलेल्या पैशांबद्दल म्हणाले, परत मिळत नाहीत, फक्त दुसऱ्याच्या नावावर करता येतात. साताऱ्याच्या माणसाने मुंबईतला पास कुणाच्या नावावर करायचा?

पावतीवर 18 टक्के जीएसटी लावला होता, पण जीएसटी क्रमांक नव्हता. नोंदणी नसलेल्याला हा कर घेताच येत नाही. महाराष्ट्रातला क्रमांक 27ने सुरू होतो, एकूण पंधरा अक्षरं-अंक असतात आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. शिवाय 22 सप्टेंबर 2025पासून योगवर्ग आणि व्यायामशाळांवरचा हा कर 18वरून 5 टक्क्यांवर आला आहे. म्हणजे त्यातही लूटच.

आईला घेऊन घरी आले आणि काही दिवसांनी 4,500 रुपये गेले. ऑटोपेत पैसे जाण्याच्या 24 तास आधी सूचना येते, तशी मलाही आली होती. पण तिच्यात स्टुडिओचं नाव नव्हतं, भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं होतं. फोन केला तर व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “मेंबरशिप रिन्यू झाली आहे. काही असेल तर मुंबईत येऊन भेटा.” आजारी आईला सोडून साडेचार हजारांसाठी कोण येतंय, हा हिशेब त्या वाक्यात स्पष्ट ऐकू येत होता. मला सर्वांत जास्त चीड त्याची आली. संसारी माणसालाही योग करता यावा म्हणून श्री योगेंद्रजींनी 1918 साली याच मुंबईत योग शिकवायला सुरुवात केली. सांताक्रूझची त्यांची संस्था आजही चालू आहे. त्याच शहरात थकल्याभागल्या माणसाला असं नागवायचं?

मी आधी ऑटोपे बंद केलं. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’चा वेगळा भाग असतो, तिथे आपण दिलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच त्या रद्द करता येतात. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने परवानगी रद्द होत नाही. मग बँकेत लेखी तक्रार दिली आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाटीचा फोटो, पावती आणि ऑटोपेच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट जोडला. काही आठवड्यांनी 4,500 परत आले. पासचे उरलेले पैसे मात्र ते द्यायला तयार नाहीत, अटींकडे बोट दाखवतात.

त्यासाठी मला मुंबईला जायची गरज नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. साताऱ्याच्या आयोगात देण्यासाठी माझा अर्ज लिहून झाला आहे. अशाच प्रकारे कुणाचे पैसे अडकले असतील, तर मुंबई सुटली म्हणून ते सोडून देऊ नका.