घराखालच्या डक्टला मॅस्टिक आणि आर-८ रॅप: नऊ महिन्यांनंतर

नॉर्थ कॅरोलायनातलं आमचं घर १९९४ सालचं. खाली बेसमेंट नाही, नुसती क्रॉलस्पेस, म्हणजे सरपटत जाण्यापुरती पोकळी; जमिनीखालच्या लाकडी तुळयांपासून (जॉइस्ट) मातीपर्यंत जेमतेम बावीस इंच. एसीचे सगळे फ्लेक्स डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या लवचिक नळ्या, तिथूनच जातात. गेल्या मे महिन्यात सरपटत आत गेलो, तर दोन डक्ट जमिनीला टेकलेले, एकाचं वरचं प्लास्टिक उंदरांनी कुरतडलेलं, आतलं फायबरग्लास ओल्या गोधडीसारखं जड. जोडांवरचा कापडी डक्ट टेप बोट लावताच सुटून आला. नाव डक्ट टेप, पण १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबने घेतलेल्या चाचण्यांत डक्टच्याच जोडांवर तो नापास झाला होता!

तीन शनिवार गेले. प्रत्येक जोडावर मॅस्टिक थापलं. श्रीखंडाइतकी दाट, करडी पेस्ट. ती केसांतून निघत नाही, टोपी घालाच. वरून आर-८चा रॅप, म्हणजे उष्णतारोधक वेष्टण (आरचा आकडा जितका मोठा, तितका रोध जास्त). डक्ट दर चार फुटांवर दीड इंची पट्ट्यांनी उचलून बांधले, कारण बारीक तारेने त्यांचा गळा आवळला जातो.

एवढं करूनही जुलैत रॅपवरून पाणी ठिबकत होतं. मी वैतागलो, दोष मालाला दिला. चूक माझीच होती. रॅपच्या शिवणी फॉइल टेपने नीट बंद केल्या नव्हत्या, आणि खाली उघडी माती वाफ सोडतच होती. दमट हवा फटीतून गार डक्टपर्यंत पोचली की पाणी होणारच. मग शिवणी बंद केल्या, सहा मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लास्टिक फूटभर एकावर एक चढवून अंथरलं, हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर बसवला आणि क्रॉलस्पेसचे व्हेंट (हवेचे झरोके) बंद केले. (आमच्याकडे विजेवर चालणारा हीट पंप आहे, त्यात काही जळत नाही. खाली गॅसची भट्टी असेल तर व्हेंटला हात लावण्याआधी जाणकाराला विचारा, तिला जळायला हवा लागते.) आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असायची, ती पंचावन्नच्या आसपास आली. ऑगस्टपासून डक्ट कोरडे.

पुन्हा करायचं झालं तर आधी जमीन झाकेन, रॅप शेवटी.

सामानाला चारशे डॉलर लागले, डीह्युमिडिफायरचे वेगळे. बिल किती उतरलं ते सांगत नाही, तो उन्हाळाच वेगळा होता. मागची बेडरूम मात्र अजून कोमटच. ड्रेन पाइपमागच्या एका जोडापर्यंत माझा हात पोचत नाही. बारा वर्षांच्या मुलाचा पोचेल, पण बायकोने आधीच नाही म्हटलंय.