घाटाखालच्या दवाखान्याने आधी काय घ्यावं: बबल सीपॅप की हाय फ्लो?

राजापूर-देवगड पट्ट्यातल्या एखाद्या ट्रस्टच्या दवाखान्याला देणगी मिळाली आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी श्वासाचं एकच यंत्र घेता येणार असेल, तर माझं मत बबल सीपॅपला, म्हणजे नाकातून सतत थोडा दाब देणाऱ्या यंत्राला. हाय फ्लो (नाकातून जोरात ओलसर हवा आणि ऑक्सिजन सोडणारं यंत्र) वाईट नाही, पण ते दुसऱ्या खेपेला घ्यायचं.

अशा बाळांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटू न देणारा पातळ थर, कमी असतं. श्वास सोडला की हवेच्या बारीक पिशव्या मिटतात आणि त्या पुन्हा उघडताना बाळ दमतं. सतत थोडा दाब राखला तर हे टळतं, हे ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १९७१ साली दाखवून दिलं. बबल सीपॅप त्याचंच साधं रूप आहे. बाळाकडून येणारी नळी पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवली की साधारण तेवढाच दाब मिळतो. बाटलीत बुडबुडे येताहेत तोवर दाब आहे. ते थांबले की सिस्टर आधी प्रॉन्ग्ज (नाकात बसवायच्या दोन छोट्या नळ्या) बघते, मग बाळाचं तोंड उघडं पडलंय का ते. (आजी मात्र विचारणारच, "बाटलीतला पाणी कित्याक उकळता?")

हाय फ्लोमध्ये मिनिटाला किती लिटर हवा जाते ते कळतं, आत दाब किती तयार झाला ते कळत नाही. त्या बदल्यात प्रॉन्ग्ज बारीक आणि सैल असतात, नाकाला जखमा कमी होतात आणि बाळाला आईच्या छातीशी द्यायला सोपं जातं. सीपॅपवरच्या बाळाचा नाकाचा पडदा दर काही तासांनी तपासावाच लागतो. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल तर हे ओझं खरं आहे.

पण अभ्यास काय सांगतो? ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या नव्हे, छोट्या रुग्णालयांत ३१ आठवडे किंवा त्यापुढच्या ७५४ बाळांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हाय फ्लो अपुरं पडलं २०.५ टक्के बाळांत, सीपॅप १०.२ टक्के बाळांत. तरीही व्हेंटिलेटर लागण्याचं किंवा मोठ्या रुग्णालयात हलवण्याचं प्रमाण दोन्ही गटांत फारसं वेगळं नव्हतं. विक्रेते हे दुसरं वाक्य ठळक छापतात. मात्र तिथे हाय फ्लो अपुरं पडलेल्या बाळाला सीपॅपवर घेता येत होतं. आपल्याकडे नुसतंच हाय फ्लो असेल तर पुढची पायरी म्हणजे १०८ बोलवायची आणि गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय किंवा कोल्हापूर गाठायचं. पावसाळ्यात घाटात दरड आली असेल तर तेही नाही.

दुसरा मुद्दा विजेचा. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. बऱ्याच हाय फ्लो यंत्रांत हवा ढकलणारा पंखाच विजेवर चालतो. बबल सीपॅप सिलिंडरच्या दाबावरही चालू राहतं. बंद पडतो तो हवा तापवून ओलसर करणारा भाग, त्यासाठी इन्व्हर्टर हवा.

सिलिंडरचा हिशेब कुठल्याही यंत्राला चुकत नाही. मिनिटाला ६ लिटर म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर, आणि जंबो सिलिंडरमध्ये असतात सुमारे ७,०००. निव्वळ ऑक्सिजन दिला तर एका बाळाला एक सिलिंडर दिवसभरही पुरत नाही. कॉम्प्रेसरची हवा ब्लेंडरने ऑक्सिजनमध्ये मिसळून ३० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण केलं तर हिशेबाने तोच आठवडाभर जातो. शिवाय निव्वळ ऑक्सिजन बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला घातक, त्यामुळे रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवावं लागतं. सीपॅप घेऊन ब्लेंडर आणि पल्स ऑक्सिमीटर नंतर बघू, असं म्हणणाऱ्या ट्रस्टींना थांबवा.

२८ आठवड्यांच्या आतलं बाळ मात्र कुठल्याच यंत्राच्या भरवशावर इथे ठेवू नये. शक्यतो आईलाच प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पुढे पाठवावं. सीपॅपवर असूनही ३० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागत राहिला तर सर्फॅक्टंटसाठी फोन फिरवायला घ्या, सकाळची वाट पाहू नका.

कोटेशन मागवताना प्रॉन्ग्जचे सगळे आकार, त्या जागेवर धरून ठेवणाऱ्या टोप्या आणि नळ्यांचे जादा संच त्यातच लिहून घ्या. मुंबईहून कुरिअर यायला गणपतीत किती दिवस लागतात, हे विक्रेत्याला ठाऊक नसतं.