डॅशकॅम कुठे लावावा: आरशामागे, काचेच्या कोपऱ्यात की डॅशबोर्डवर?

डॅशकॅम, म्हणजे पुढचा रस्ता चित्रित करणारा गाडीतला कॅमेरा, निवडताना आपण रिझोल्यूशन आणि रात्रीचं चित्रण यांचा कीस पाडतो. लावताना मात्र हात पोचेल तिथे चिकटवून मोकळे होतो.

जागेचा फरक किती पडतो, याचा साधा हिशोब करू. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवरचा ९ सेंटिमीटर रुंद कॅमेरा एका डोळ्यापुरता २० मीटरवरचा ३ मीटरचा पट्टा झाकतो. दोन डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असल्यामुळे त्यातला बराच भाग दुसऱ्या डोळ्याला दिसतो. तरी मीटरभराच्या आतबाहेर पट्टा उरतोच, आणि रस्ता ओलांडणारा माणूस त्यात आरामात मावतो.

म्हणून मी प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारतो: इथून आधी काही दिसत होतं का?

आरशामागची जागा या प्रश्नात सहज पास होते. मधला आरसा तेवढा तुकडा आधीच झाकून बसलेला असतो. कॅमेरा त्याच्या मागे, शेजारच्या सीटकडच्या बाजूला सरकवून लावला की चालकाला तो जवळजवळ दिसतच नाही. भिंग उंचावर, काचेच्या मध्याजवळ आणि वायपर पुसतो त्या पट्ट्यात येतं, त्यामुळे पावसातही चित्र स्वच्छ राहतं. अडचणी दोन. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथेच लेन ओळखणारा कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर असतो, त्यांच्यासमोर काहीही येता कामा नये. शिवाय काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते. तिच्यावर टेप नीट धरत नाही, त्यामुळे कॅमेरा थोडा खाली, साध्या काचेवर लावावा. काचेला वर रंगीत पट्टा असेल तर भिंग त्याच्याही खाली हवं. आणि हो, मागे स्क्रीन नसलेलं छोटं मॉडेल इथे लपून जातं. मोठ्या स्क्रीनचं मॉडेल आरशाखालून डोकावतं आणि सगळा फायदा घालवतं.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावणं आणि काढणं सोपं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर मापंच दिली आहेत: चालकापासून दूरच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंची चौकोन, चालकाकडच्या खालच्या कोपऱ्यात किंवा वर मध्यभागी ५ इंची. तरी चालकाकडच्या कोपऱ्याला माझा स्पष्ट नकार. काचेच्या कडेचा खांब तिथे आधीच वळणावरचा पादचारी किंवा दुचाकी लपवत असतो. त्या आंधळ्या जागेला आपणच कशाला रुंद करायचं? दूरचा कोपरा चालेल, पण बॉनेट चित्राचा बराच भाग खातं आणि काचेचा तो कोपरा वायपरकडून अनेकदा सुटतो.

डॅशबोर्डवर ठेवलेला कॅमेरा बसवायला सर्वात सोपा, म्हणून मोह होतो. पण उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भयंकर तापतो आणि लिथियम बॅटरीला ते सोसत नाही (बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असलेलं मॉडेल उष्णतेत जास्त टिकतं). काचेतलं डॅशबोर्डचं प्रतिबिंब चित्रात उतरतं, ते कमी करायला पोलरायझिंग फिल्टर लागतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शेजारच्या सीटची एअरबॅग डॅशबोर्डमधूनच उघडते. तिच्या वाटेतला कॅमेरा दगडासारखा आत फेकला जाऊ शकतो.

आरशावरच बसणारे स्क्रीनवाले डॅशकॅम काच फारशी अडवत नाहीत, हे खरं. पण रात्री उजळ स्क्रीन डोळ्यांपुढे राहते, आणि आरसा चालकाकडे वळवलेला असल्याने भिंग वेगळं फिरवता येणारं मॉडेलच घ्यावं लागतं.

टेप सोलण्याआधी कॅमेऱ्याच्या मापाचा पुठ्ठा ठरलेल्या जागी चिकटवून नेहमीच्या सीटवर बसा. गाडी चालवणारं दुसरं कोणी उंच किंवा बुटकं असेल तर त्यांनाही बसवा. सीटची उंची बदलली की आरशामागचा कॅमेरा खालून डोकावू लागतो. थोडी जरी शंका आली तरी जागा बदला. एकदा धरलेली टेप सोडवणं जिकिरीचं असतं.

वायर काचेच्या वरच्या कडेने छताच्या अस्तरात दाबून न्यायची आणि कडेच्या खांबातून खाली उतरवायची. तिथे पडदा एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून जायला हवी, पुढून नव्हे. तो खांब उघडायची सवय नसेल तर एवढं काम कारागिराकडून करून घ्या.