चाल हाताने रचायची, गिरवायची की तयार घ्यायची?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या माणसांवर ॲनिमेशन करायचं ठरवलं, की पहिला पेच पात्राला चालवायचं कसं हा.

तयार मोशन-कॅप्चर चाल, म्हणजे खऱ्या नटाच्या हालचालीवरून नोंदवलेली चाल, सर्वांत झटपट. मिक्सामो या संकेतस्थळावरची फुकट चाल काही मिनिटांत रिगवर, म्हणजे पात्राच्या आतल्या सांगाड्यावर, चढते. गणपत गल्लीच्या गर्दीतली मागची माणसं दाखवायची असतील तर तीच घ्या, तिथे मेहनत वाया घालवू नका. मुख्य पात्राला मात्र ती परकी वाटते. पात्राचे पाय मूळ नटापेक्षा आखूड असले की टेकलेलं पाऊलही जमिनीवर घसरतं. शिवाय दिंडीतल्या वारकऱ्याचे हात टाळात गुंतलेले असतात. तयार चालीतले झुलणारे हात त्याला काय कामाचे?

व्हिडिओवरून फ्रेम-फ्रेम गिरवण्याची पद्धत जुनी आहे; अमेरिकन ॲनिमेटर मॅक्स फ्लायशरला तिचं पेटंट 1917 मध्ये मिळालं. हुबेहूब माणसासारख्या पात्राला ती शोभते. मोठ्या डोक्याच्या, आखूड पायांच्या पात्रावर मात्र माणसाची मापं बसत नाहीत आणि चालीतलं वजन हरवतं. खऱ्या माणसाची दोन पावलं तंतोतंत सारखी पडत नसल्याने लूपही, म्हणजे तीच चाल पुन्हा पुन्हा फिरवणंही, सहज जुळत नाही.

हाताने की-पोझ, म्हणजे चालीतल्या मुख्य पोझ, मांडणं हे वेळखाऊ काम, पण माझा कौल त्यालाच. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर साध्या चालीचं एक पाऊल 12 फ्रेमचं: फ्रेम 1 वर टाच टेकते, 4 वर शरीर खाली दबतं, 7 वर पाय एकमेकांजवळून जातात, 10 वर शरीर उंचावतं, 13 वर दुसरी टाच टेकते. जिवंतपणा बहुतेक 4 वर ठरतो. गुडघा तिथे पुरेसा वाकला नाही तर पात्र तरंगतं. 7 वर टेकलेल्या पायाकडची कंबर वर, उचललेल्या पायाकडची किंचित खाली ठेवा. खांदे कंबरेच्या उलट फिरू द्या, आणि मनगट कोपरापेक्षा एक-दोन फ्रेम उशिरा येऊ द्या. चुलत्यांसारख्या वयस्कर पात्राची चाल संथ हवी असेल तर पाऊल 16 फ्रेमचं करा.

इथलेपणही याच वाटेने येतं. निपाणी-अथणीकडे बनणारी कोल्हापुरी चप्पल मागून मोकळी असते, त्यामुळे टाच आधी उठते, तळ जरा मागाहून येतो. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईचं डोकं जवळजवळ एका पातळीत राहतं, हालचाल कंबर आणि गुडघे झेलतात. हे तपशील तयार चालीत नंतर घुसवणं फार कटकटीचं.

व्हिडिओ तरीही काढाच, बाजूने आणि समोरून. तो गिरवण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. मोबाइलचा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा असेल तर त्यातल्या 15 फ्रेम म्हणजे तुमच्या 12, हे हिशेबात धरा. हे करायला ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन पावलांची फेरी 24 फ्रेमची, म्हणून फ्रेम 1 आणि 25 वर तीच पोझ ठेवून रेंडर (अंतिम चित्रं काढणं) 24 पर्यंतच करा, नाहीतर लूपमध्ये दर फेरीला हिसका बसतो.