आई-बाबांना क्रूझवर न्यायचंय: मुंबईची ‘एम्प्रेस’ की सिंगापूरचं महाकाय जहाज?

गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल, तर आधी जहाजाची लांबी बघा. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ 211 मीटर, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलहून आखूड. सिंगापूरहून जाणारं ‘अँथम ऑफ द सीज’च्या जातीचं जहाज जवळपास 348 मीटर, पंधरा डब्यांच्या लोकलहूनही लांब. टोकाची केबिन मिळाली, तर जेवायला जाताना ठाणे स्टेशनचा अख्खा फलाट चालायचा, तोही दिवसातून तीन-चार वेळा! म्हणून बुकिंग करतानाच लिफ्टजवळची केबिन मागा. ती मधल्या भागात, खालच्या मजल्यावर असली तर हेलकावेही कमी लागतात.

सोयींत मात्र दोघांची बरोबरीच नाही. एम्प्रेस 1990 सालची, 11 मजली. पोहायला तलाव, चढाईची भिंत, नाट्यगृह, कॅसिनो, एवढं आहे. अँथम 2015 चं, 16 मजली. काचेची कुपी तुम्हाला समुद्रावर 90 मीटर उंच नेते, वाऱ्याच्या झोतावर तरंगता येतं, बंपर कार आहेत. खिडकी नसलेल्या केबिनमध्येसुद्धा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाहेरचा समुद्र थेट दिसतो, ही कल्पना मला फार आवडली. दहावी-बारावीतली मुलं असतील, तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि सिंगापूरच्या जहाजावरच जा.

आई-बाबांसाठी माझं मत एम्प्रेसलाच. गोव्याच्या फेरीला व्हिसा नको, विमान नको. ठाण्याहून टॅक्सी केली की इस्टर्न फ्रीवेने थेट बॅलार्ड पिअर. जेवणात आपली चव, जैन ताटही मिळतं, आणि वाढणाऱ्याशी हिंदीत बोलता येतं. माझी आई दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न उठवता एकटी डेकवर फिरून आली. तिचा तो मोकळेपणा मला काचेच्या कुपीहून मोलाचा वाटतो. सिंगापूरला आधी साडेपाच तासांचं विमान, शिवाय जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परततं, म्हणून पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा हवा.

लक्षद्वीपची फेरी मात्र विचार करून घ्या. तिथे जहाज किनाऱ्यापासून लांब उभं राहतं आणि हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. दारू आणि बंदर शुल्क दोन्हीकडे भाड्यात धरलंय का, ते विचारून घ्या. आणि तारीख दिवाळीनंतरची धरा, पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो.