एटन फाइव्ह्जचे हातमोजे, सप्टेंबर ते मार्च: उजव्या तर्जनीखालची शिवण

एटन फाइव्ह्ज म्हणजे हातमोजे घालून पंज्याने चेंडू भिंतींवर मारायचा, दोघांविरुद्ध दोघांचा खेळ. लीगचा सामना, चौथा डाव, गुण १०-९. कट (सर्व्हला दिलेला पहिला फटका) मारला आणि उजव्या हातमोज्याचं पॅड तर्जनीवरून आतल्या आत सरकलं. सामना संपल्यावर पाहिलं तर तर्जनीच्या मुळाशी जेमतेम दोन सेंटिमीटर शिवण उसवली होती. बाकी हातमोजा धडधाकट. ही फेब्रुवारीतली गोष्ट. तोवर जोडी सप्टेंबरपासून आठवड्याला दोनदा, दर वेळी साधारण दीड तास वापरलेली, म्हणजे चाळीसेक सत्रं झालेली. नवी जोडी घेण्याच्या बेतात असाल तर आधी या शिवणीबद्दल वाचा.

चांगलं ते आधी सांगून टाकतो. चामडं उत्तम. पहिले तीन आठवडे कडक लागतं, बोटं पूर्ण मिटत नाहीत, चेंडू पंज्यातून लवकर सुटतो. ऑक्टोबरपासून ते हाताच्या घडीप्रमाणे वळायला लागतं. मनगटाचा पट्टा अजूनही घट्ट बसतो. तळव्यावरचं पॅड एकसारखं आहे, कुठे गोळा झालेलं नाही. माप मात्र आतला सुती हातमोजा घालूनच घ्यायचं आणि किंचित आवळ घ्यायचं, कारण चामडं महिन्याभरात सैल पडतं. सुरुवातीलाच आरामात बसणारा हातमोजा नोव्हेंबरात हातात फिरायला लागतो.

आता शिवण. तळव्याचं पॅड आणि तर्जनीचा तुकडा जिथे जोडलेत, तिथे ती आडवी जाते. आपण चेंडूला थप्पड मारत नाही. पंजा वाटीसारखा करून, चेंडू फेकल्यासारखा मारतो. चेंडू नीट बसतो तेव्हा तो बोटांच्या मुळांवर बसतो. पंजा दुमडतोही तिथेच. म्हणजे मार तिथे, घडी तिथे आणि जोडही नेमका तिथेच. त्यात या खेळात प्रत्येक रॅली कटनेच सुरू होते. सर्व्ह हाताने उंच, सोपी टाकलेली असते आणि न आवडलेली सर्व्ह सोडून द्यायचा कटरला, म्हणजे कट मारणाऱ्याला, हक्क असतो. त्यामुळे कट हा नेहमी मनासारख्या चेंडूवर, पूर्ण ताकदीने, चांगल्या हाताने मारलेला फटका असतो. आधी उजवी भिंत आणि मग समोरची भिंत, तीही तिच्यावरच्या आडव्या कड्याच्या वर, हा मार्ग साधायला खांद्यावरून हात फिरवावा लागतो. उजव्या खेळाडूच्या त्या दोन सेंटिमीटरवर मोसमभर हा भार पडतो.

भिंगाखाली पाहिलं तर दोरा तुटण्याआधी चामड्याची भोकं लांबट झालेली दिसतात. घाम सुकला की मीठ मागे राहतं, भोकांच्या कडा कडक होतात आणि दोऱ्याला कापायला लागतात. शिवण यंत्राची आहे: वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा, आणि दोन्ही फक्त एकमेकांत अडकवलेले. असा एक टाका तुटला की शेजारचे चार ढिले होतात. तो पहिला टाका डिसेंबरातच गेला असणार. अंगठ्याने पॅड मागे ओढून शिवणीकडे पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. चामड्याच्या कडेवर पांढरी मिठाची रेघ आणि दोऱ्याला कापसासारखे तंतू, ही खूण. जानेवारीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाने हे पाहावंच.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वापरातली नेहमीची झीज, बदलून मिळणार नाही.’ सुटा उजवा हातमोजा मागितला, तोही नाही; घ्यायची तर जोडी. डावा हातमोजा जवळजवळ नवा असताना पूर्ण जोडीचे पैसे मोजायचे, हे मनाला अजिबात पटलं नाही. तळव्याची झीज ही वापरातली झीज, हे मान्य. पण तळवा शाबूत असताना जोड उसवतो, तेव्हा ती रचनेतली चूक आहे. यावर अजूनही ठाम आहे.

म्हणून दुरुस्ती. पुण्यात कोपऱ्यावरच्या मोच्याने हे काम उभ्या उभ्या करून दिलं असतं. इथे इंग्लंडात बूट दुरुस्त करणारे पुष्कळ, पण बरेचसे टाच आणि तळ बदलून देतात. हातमोज्याच्या आत सुई घालायला तयार होत नाहीत. घरी करायचं तर मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा घ्या, जाडी ०.८ मिमी. सुती दोरा घामाने कुजतो, नायलॉन ताण पडला की लांबतो. बोथट टोकाच्या दोन सुया लागतात. शिवायच्या लांबीच्या चौपट दोरा कापायचा आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. जुना दोरा उपटून टाकायचा, पण नवी भोकं अजिबात पाडायची नाहीत. भोकं जवळजवळ आली की पोस्टाच्या तिकिटासारखं चामडं त्या ओळीवर फाटतं. उसवलेल्या जागेच्या दोन भोकं आधी सुरुवात करायची. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या, एकीने दुसरीचा दोरा भोसकला जाणार नाही इकडे लक्ष ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना सारखं ओढायचं. हाच मोच्याचा दुहेरी टाका. एक दोरा तुटला तरी दुसरा जोड धरून ठेवतो. उसवण संपल्यावर दोन भोकं पुढे जायचं, दोन टाके उलटे घ्यायचे आणि टोकं ज्योतीजवळ नेऊन वितळवून दाबायची. ती गाठ पंज्याच्या आत येता कामा नये. पाठीच्या बाजूला काढायची. शेवटी चमच्याच्या पाठीने शिवण घासून सपाट करायची. एक तास लागतो.

चटकन सुकणाऱ्या गोंदाचा मोह टाळा. तो चामड्यात मुरतो, काचेसारखा कडक होतो, आणि तो कडक ठिपका थेट तर्जनीच्या हाडावर येतो. अशाने शिवण वाचेल, पण हात तीन आठवडे काळानिळा राहील.

शिवताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हातमोज्याबद्दलचं मत थोडं बदलावं लागलं. ऑक्टोबरात तळवा सुजला होता, म्हणून आत ५ मिमी जाडीचा फोम घातला होता. नवीन खेळाडू बहुतेक सगळे हेच करतात. पण मुळात आवळ असलेल्या हातमोज्यात ५ मिमी भरले की पंजा मिटताना सगळा ताण त्या आडव्या शिवणीवर येतो. म्हणजे चूक रचनेचीच, पण तिला हातभार आपल्या फोमचा. आता ३ मिमीचा बंद पेशींचा फोम वापरतो, ज्यात पाणी शिरत नाही तो. दुखऱ्या जागेवर तुकडा ठेवायचा नाही, तर दुखऱ्या जागेभोवती. नाण्याएवढं भोक पाडलेली चकती कापायची, भोक दुखऱ्या जागेवर आणायचं. मार कडेच्या फोमवर वाटला जातो. चकती हाताला पट्टीने चिकटवायची, हातमोज्याला नव्हे, नाहीतर ती सरकते. हा बदल केल्यापासून दुरुस्त शिवण सहा आठवडे जागची हललेली नाही.

शिवाय सुजेला हातमोजा जबाबदार नव्हताच. थंडीत रबर-कॉर्कचा चेंडू मरतो, कमी उसळतो. मग कड्यावर, म्हणजे साडेचार फुटांवर, तो नेण्यासाठी आपण जोर वाढवतो आणि चेंडू बोटांच्या मुळांऐवजी तळव्याच्या मधोमध बसतो. चेंडू आधी खिशात गरम करा, दहा मिनिटं सराव करा, मग डाव सुरू करा. सामन्याचा चेंडू निवडताना दोन चेंडू डोक्याच्या उंचीवरून एकत्र सोडून पाहायचे. एकाच डब्यातल्या चेंडूंतही उसळीचा फरक दिसतो. कड्याच्या धारेवर आपटून टवका उडालेला चेंडू सरावालाही ठेवू नये. तो हवेत वळतो आणि बोटाच्या टोकावर येतो.

डिसेंबरात चार सत्रं ओल्या भिंतींमुळे वाया गेली. आठवडाभर गारठा आणि मग अचानक उबदार, दमट वारा आला की थंड भिंतींवर पाणी धरतं. कोर्टाची मागची बाजू उघडी, त्यामुळे दमट हवा थेट आत येते. अशा दिवशी उजव्या भिंतीवर मारलेला कट उसळत नाही, घसरत पुढे जातो. पंचा घेऊन भिंत पुसली तर दहा मिनिटं खेळता येतं, तेवढंच. त्याहून वाईट म्हणजे ओला चेंडू तळव्याचं चामडं भिजवतो. ते सुकल्यावर पापडासारखं होतं. ओल्या कोर्टावर जुनी जोडी घाला.

वाळवायची पद्धतही इथेच. रेडिएटरवर हातमोजे कधीच ठेवू नका. खेळून झाल्यावर लगेच वर्तमानपत्राचे बोळे आत घालायचे, तासाभराने बदलायचे, मग खोलीत उघड्यावर ठेवायचे. महिन्यातून एकदा तळव्याला अगदी थोडं चामड्याचं मलम, पण शिवणीवर नाही; तेलकट झालेली भोकं सैल पडतात. आतले सुती हातमोजे तीन जोड्या हव्यात, दर दोन डावांनी बदलायला. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचे आतले हातमोजे इथे चांगले चालतात. बोटं कापलेला प्रकार मात्र घेऊ नका, कापलेली कड नेमकी बोटाच्या पेरावर घासते.

पाठीच्या बाजूबद्दल एक तक्रार आहे, लहानशी. डाव्या हातमोज्याच्या सांध्यांवर पॅड नाही. हा खेळ जन्मला एटन कॉलेजच्या चॅपलबाहेर, भिंतीच्या दोन आधारखांबांमधल्या जागेत. १८४० च्या दशकात मुद्दाम कोर्टं बांधली तेव्हाही तिथल्या रचनेची नक्कल म्हणून डावीकडे बट्रेस, म्हणजे भिंतीतून पुढे आलेला खांब, ठेवला. बट्रेसला लागून खाली सरकणारा चेंडू उचलताना डाव्या मुठीचे सांधे दगडावर घासतात. डेड मॅन्स होलमध्ये (बट्रेस आणि पायरी यांमधल्या छोट्या चौकोनी जागेत) गेलेला चेंडू तर सोडूनच द्यावा; तो परत येत नाही आणि बोटं सोलतात. सांध्यांवर कापडी चिकटपट्टीचा एक पदर पुरतो.

डाव्या हातमोज्याकडे पाहून मोसमाचा हिशोबही कळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो कोरा होता. डावीकडचे चेंडूही अंग वळवून उजव्यानेच मारले जात होते, आणि त्यात वरच्या पायरीवरची, म्हणजे कोर्टाच्या पुढच्या उंच भागातली, जागा सुटत होती. बारा गुणांचे, जास्तीत जास्त पाच डाव, त्यातही गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या जोडीला. असा सामना लांबला की उजवा खांदा तिसऱ्या डावात उतरतो. नोव्हेंबरपासून सरावाची पहिली वीस मिनिटं फक्त डाव्या हाताने, डाव्या भिंतीला समांतर. जानेवारीत डाव्या तळव्यावर पहिल्यांदा काळपट डाग पडला, मार्चपर्यंत तो मध्यमा आणि अनामिकेच्या मुळांशी स्थिर झाला. चेंडू योग्य जागी बसू लागल्याचा तोच पुरावा. डाग तळव्याच्या मध्यावर असेल तर हात उशिरा येतोय; बोटांच्या टोकांवर असेल तर चेंडू फार पुढे घेतला जातोय. दर महिन्याला हातमोज्याचा फोटो काढून ठेवा. प्रशिक्षकाला दाखवायला याहून चांगली नोंद नाही.

नवीन येणाऱ्यांसाठी: पहिला महिनाभर क्लबच्या सामाईक हातमोज्यांवरच खेळा, आतले हातमोजे मात्र स्वतःचे. हात अजून कुठे मार घेतो हेच ठरलेलं नसतं, तेव्हा मापाची जोडी घेऊन उपयोग नाही. आणि या खेळात पंच नसतो. चेंडू दोनदा टप्पा पडला, कड्याखाली लागला, किंवा अंगठ्याला घासून गेला, हे ज्याचं त्याने सांगायचं. जाड फोम घातला की असा हलका स्पर्श हाताला जाणवतच नाही, आणि मग प्रामाणिक खेळाडूही चुकीचं बोलून जातो. फोम पातळ ठेवायला हेही कारण पुरेसं आहे.

हीच जोडी पुन्हा घ्यावी का? डिसेंबरात विचारलं असतं तर हो, फेब्रुवारीत अजिबात नाही. आज म्हणेन की घ्यावी, पण नवी कोरी असतानाच उजव्या तर्जनीखालची यंत्राची शिवण उसवून दुहेरी टाक्याने शिवून घ्यावी. चामडं तेव्हा स्वच्छ असतं, भोकं गोल असतात, मीठ नसतं. काम अर्ध्या वेळात होतं. डावखुऱ्यांनी डाव्याची शिवावी. माझी दुसरी जोडी उन्हाळ्यात येईल. जुना उजवा ओल्या कोर्टासाठी राहील, आणि जुना डावा अजून एक अख्खा मोसम सामन्यात चालेल.